क्रीटमध्ये मुक्काम कुठे ठेवावा? रेथिम्नो मध्यावर आहे, एवढ्यावर ठरवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब मे महिन्याच्या शेवटी अथेन्सनंतर आठ रात्री क्रीट या ग्रीक बेटावर जाणार आहे. नवरा-बायको, आठ आणि बारा वर्षांची दोन मुलं, सत्तरीच्या आसपासचे आजी-आजोबा. आजींना गुडघ्यांचा त्रास आहे. बघायच्या यादीत क्नोसोसचा प्राचीन राजवाडा, स्पिनालोंगा बेट, एलाफोनिसी आणि बालोसचे किनारे, समारियाची घळ आणि पार पूर्वेचा वाई किनारा. (आपलं वाई नव्हे, हे खजुरीच्या बनाचं.) एजंटाने चार गावांत दोन-दोन रात्री लावून दिल्यात. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना ती धावपळ वाटली म्हणून त्यांनी नकाशा उघडून रेथिम्नो निवडलं: बेटाच्या साधारण मधोमध आहे, एकच घर घेऊ आणि रोज एकेक दिशेला जाऊन येऊ.

ताई, एजंटाची मांडणी नाकारलीत ते योग्यच केलंत. ज्या दिवशी गाव बदलायचं, तो दिवस अर्धा गेलाच म्हणून समजा. अकराच्या आत खोली सोडायची, पुढची खोली तीनला मिळणार, मधल्या वेळात सहा जणांच्या बॅगा गाडीत ठेवून फिरायचं. आठ रात्रींत हे तीनदा होणार. पण एकच मुक्काम रेथिम्नोला ठेवलात तर तुमच्या यादीपुरती तरी सुट्टी गाडीत जाईल. कसं ते सांगते.

आधी बेटाचा आकार डोळ्यांसमोर आणा. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते सातारा. क्षेत्रफळ ८,३०० चौरस किलोमीटरच्या आसपास, गोव्याच्या दुपटीहून जास्त. रुंदी जास्तीत जास्त साठेक किलोमीटर आणि एका ठिकाणी जेमतेम बारा. पण या रुंदीवर जाऊ नका, कारण मधोमध डोंगर उभे आहेत. पश्चिमेच्या लेफ्का ओरी रांगेचं आणि मधल्या प्सिलोरितिसचं शिखर दोन्ही २,४५० मीटरच्या वर आहेत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेला बोटभर अंतर दिसतं, तिथे वळणांच्या रस्त्याने दीड तास सहज जातो. रेल्वे बेटावर नाहीच. उत्तर किनाऱ्याने किसामोसपासून सितियापर्यंत एक मुख्य रस्ता जातो आणि तोही बऱ्याच ठिकाणी दुपदरीच आहे. मागून कोणी घाईत आलं की पुढची गाडी उजव्या कडेच्या पट्ट्यावर अर्धी उतरून त्याला वाट देते. नियमात हे बसत नाही, पण सगळे करतात. पहिल्या दिवशी आपला ड्रायव्हर गांगरतो, दुसऱ्या दिवसापासून तोही कडेला सरकायला लागतो.

आता रेथिम्नोहून तुमची यादी मोजू. हेराक्लिओन ८० किलोमीटर, त्याच्या जरा पुढे क्नोसोस: सव्वा तास. हानिया ६० किलोमीटर आणि तिथून एलाफोनिसी आणखी पंचाहत्तर, शेवटचा टप्पा डोंगरातला: सव्वादोन ते अडीच तास. स्पिनालोंगासाठी पूर्वेला प्लाका गाठायचं तर दोन तासांच्या वर. वाईला चारेक तास. हे सगळे एका बाजूचे आकडे आहेत. म्हणजे रेथिम्नोला राहून तुम्ही प्रत्येक ठिकाणापासून लांबच राहता. पालोळेमला खोली घेऊन रोज बागा-कळंगुटला जाऊन यायचं ठरवावं तसं हे होईल. अशक्य काही नाही, पण चौथ्या दिवशी मुलं गाडीत बसायलाच नको म्हणतात.

रेथिम्नो वाईट आहे असं मात्र कोणी समजू नये. गावातूनच सुरू होणारा लांबलचक वाळूचा किनारा, त्याला लागून जुनं व्हेनिशियन (व्हेनिसच्या सत्तेच्या काळातलं) गाव, वर सोळाव्या शतकातला फोर्तेझ्झा किल्ला. लहान मूल असेल, चार-पाच रात्री असतील आणि यादीच नसेल, तर मी स्वतःहून रेथिम्नो सुचवते. पण तुमच्याकडे यादी आहे, आणि ती दोन टोकांना विखुरलेली आहे.

मुक्काम ठरवताना मी आधी संध्याकाळ बघते, दिवसाची ठिकाणं नंतर. दिवसभर कुठेही गेलात तरी सहा-सातला घरी येणार. मेअखेरीस तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि ग्रीक माणूस नऊच्या आधी जेवायला बसत नाही. म्हणजे रोज दोन-तीन तास मोकळे असतात आणि सहलीत सगळ्यांच्या लक्षात राहतात ते बहुधा हेच तास. आजोबांना बाकावर बसून माणसं बघायची असतात, मुलांना आइस्क्रीम हवं असतं, तुम्हाला दोघांना जरा एकटं चालायचं असतं. हे गाडी न काढता जमलं पाहिजे. म्हणून डोंगरावरचा, पोहण्याच्या तलावाचा तो सुंदर व्हिला मी तुमच्यासारख्या कुटुंबांना देत नाही. फोटोत तो घर वाटतो. प्रत्यक्षात पाव संपला तरी गाडी काढावी लागते आणि रात्री जेवून परतताना अरुंद, दिवे नसलेल्या रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस एकच, तो म्हणजे तुमचा नवरा. तीन दिवसांनी तो गाडी काढायला कंटाळतो आणि मग सगळेच घरात बसतात. चार मित्र-मैत्रिणींना घरातच स्वयंपाक करून पडून राहायचं असेल तर हाच व्हिला उत्तम.

दुसरं टोक म्हणजे हेराक्लिओनच्या पूर्वेला हेरसोनिसोस आणि मालियाचा पट्टा. एजंटांना तो आवडतो, कारण मोठी हॉटेलं आहेत, नाश्ता आणि रात्रीचं जेवण दरात धरलेलं असतं. जेवण मात्र ठरलेल्या वेळेत, रोज त्याच बुफेत. तुमची संध्याकाळ तिथेच बांधली जाते. शिवाय या पट्ट्याचा काही भाग तरुणांच्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांसाठीच ओळखला जातो. आजी-आजोबांना घेऊन तिथे नको.

मग तुमच्यासाठी काय? दोन मुक्काम: तीन रात्री हेराक्लिओन, पाच रात्री हानिया. (इंग्रजी स्पेलिंग पाहून लोक चानिया म्हणतात, तिथे कोणाला कळत नाही.) वाई सोडून द्या. एका किनाऱ्यासाठी दिवसभर गाडीत बसावं इतकं वेगळं तिथे काही नाही. पूर्व टोक बघायचंच असेल तर सितियाला दोन रात्री राहून बघावं, आणि तेवढ्या रात्री तुमच्याकडे नाहीत.

हेराक्लिओनला लोक नावं ठेवतात: गर्दी, सिमेंटच्या इमारती, बंदराचा गोंगाट. पहिल्या नजरेला ते खरंही आहे. पण व्हेनिशियन तटबंदीच्या आत हॉटेल घेतलंत तर वस्तुसंग्रहालय, सिंहांच्या कारंज्याचा चौक आणि बंदरातला कूलेस किल्ला सगळं पायी होतं. त्या चौकात सकाळी बुगात्सा खा, क्रीम किंवा चीज भरलेली पापुद्र्यांची गरम पेस्ट्री. मुलांचा नाश्त्याचा प्रश्न तिथेच मिटतो. अथेन्सहून यायला तिथल्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोट घ्या, केबिन करून. रात्री नऊच्या सुमारास निघते, पहाटे हेराक्लिओनला पोचते. एक विमान वाचतं आणि मुलांना ती बोट बेटाइतकीच आवडते. बोटीतली ती रात्र तुमच्या आठात धरलेली नाही. हॉटेलला आधी कळवून ठेवा, खोली दुपारी मिळाली तरी बॅगा सकाळी ठेवून घेतात.

क्नोसोस हेराक्लिओनपासून पाचेक किलोमीटरवर आहे, दोन नंबरची शहर बस जाते. सकाळी आठला दार उघडतं तेव्हाच आत शिरा. सावली फार कमी आहे आणि दहा वाजता क्रूझच्या बसेस येऊन लागल्या की सिंहासनाच्या खोलीपुढची रांग हलत नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने १९०० मध्ये इथे मोठं उत्खनन सुरू केलं आणि पुढे काँक्रीट वापरून भाग उभे केले. ते लाल खांब त्याचेच, आणि त्यावरून तज्ज्ञ अजून भांडतात. मुलांना मात्र ते खांब असल्यामुळेच राजवाडा डोळ्यांसमोर येतो. दुपारी संग्रहालय: बैलावरून उडी मारणाऱ्यांचं भित्तिचित्र, फेस्टोसची तबकडी, हातात साप धरलेल्या देवीच्या मूर्ती. आतून थंड आहे, आजींना बसायला जागा आहे. मुलांना हेही सांगा की २०२५ च्या ज्या बैठकीत रायगड, राजगडसह आपल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मिळाला, त्याच बैठकीत क्नोसोस धरून सहा मिनोअन (क्रीटच्या प्राचीन संस्कृतीच्या) राजवाड्यांनाही मिळाला. एवढं सांगितलं की बारा वर्षांचा मुलगा पाट्या वाचायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरा दिवस स्पिनालोंगा. आधी व्हेनिशियन किल्ला, नंतर १९०३ ते १९५७ कुष्ठरुग्णांची वसाहत. प्लाकाहून बोट दहा मिनिटांत पोचवते, एलुंडाहून जरा जास्त वेळ लागतो. बेटावरची वाट दगडी आणि चढउताराची आहे. आजींनी पहिल्या गल्लीपर्यंत येऊन परतावं किंवा प्लाकाला पाण्याकाठी बसावं. तिथलं बसणंही वाया जाणारं नाही. गाडी याच दिवशी सकाळी ताब्यात घ्या, आधीचे दोन दिवस तिची गरज नाही.

गाडीचा मुद्दा मी मुद्दाम मुक्कामाच्या प्रश्नात घालते, कारण तो सुटा बघितला की फसगत होते. तुम्ही सहा जण आहात. सात जणांच्या गाडीत तिसरी रांग उघडली की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. दिवसाच्या सहलीला ती चालते, बॅगा घेऊन गाव बदलायला चालत नाही. म्हणजे गावं जितक्या वेळा बदलाल तितक्या वेळा हा घोळ. एकदाच बदलायचं असेल तर त्या दिवशी बॅगांसह आजी-आजोबांसाठी एक टॅक्सी वेगळी करा, किंवा नऊ जणांची व्हॅन घ्या. ती बहुतेक गिअरचीच मिळते आणि जुन्या गावात वळत नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर फार आधी सांगून ठेवावं लागतं. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, मूळ लायसन्सही सोबत हवं. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून पहिला तास शहराबाहेर चालवा. हेराक्लिओनला घेऊन हानियाच्या विमानतळावर सोडणं बऱ्याच स्थानिक कंपन्यांना चालतं. आगाऊ विचारा, काही जण त्याचे जादा पैसे घेतात.

गाव बदलण्याच्या दिवशी रेथिम्नो वाटेतच लागतं. आधी त्याच्या आग्नेयेला वीसेक किलोमीटरवर आर्कादी मठ बघा. ऑटोमन तुर्कांविरुद्धच्या १८६६ च्या उठावात इथे वेढल्या गेलेल्यांनी शरण जाण्याऐवजी बंदुकीच्या दारूच्या कोठाराला आग लावली. आत बायका-मुलंही होती. क्रीटच्या माणसाला तो मठ म्हणजे काय, हे तिथे जाऊन उभं राहिल्यावर कळतं. मग रेथिम्नोत जेवण, किनाऱ्यावर तासभर आणि संध्याकाळी हानिया. तुमचं रेथिम्नो असं पदरात पडतंच.

हानियात घर कुठे घ्यायचं, इथे मी थोडा वेळ घालवते. फोटोत दिसतं ते जुनं बंदर: अर्धगोल धक्का, टोकाला दीपस्तंभ, मागे रंगीत घरं. त्या घरांत राहायचा मोह होतो. पण तिथे लिफ्ट नसते, जिने लाकडी आणि उभे असतात, गाडी दारापर्यंत जात नाही आणि बारचा आवाज रात्री दोनपर्यंत खिडकीत असतो. नवविवाहितांना हरकत नाही. तुम्ही बंदराच्या पश्चिमेला नेआ होरा भागात बघा. बंदरापासून चालत दहा-पंधरा मिनिटं, समोर वाळूचा उथळ किनारा, ओळीने खानावळी, गाडी लावायला जागा बऱ्यापैकी. तळमजला किंवा लिफ्ट असं मालकाला लेखी विचारा. ‘पहिला मजला’ म्हणजे तिथेही एक जिना चढून. दोन बाथरूम हवीतच. अशा घरांत गरम पाणी छतावरच्या सोलरचं असतं, टाकी लहान असते आणि सहा जणांच्या अंघोळीत चौथ्याला गार पाणी येतं. विजेच्या खटक्यांच्या पेटीत बॉयलरचा वेगळा खटका असतो, तो अर्धा तास आधी लावायचा आणि आठवणीने बंद करायचा. मालक हे सांगतोच असं नाही.

हानियाहून एलाफोनिसी दीड-पावणेदोन तास. वाटेत टोपोलियाजवळ एकाच गाडीपुरता बोगदा आहे, सिग्नलला थांबावं लागतं. दहाच्या आत पोचा. पाणी पोटरीएवढं, मुलांसाठी याहून सुरक्षित समुद्र सापडणं अवघड, आणि वाळूत शिंपल्यांच्या चुऱ्याची गुलाबी झाक असते. रील्समध्ये दिसते तितकी गुलाबी नाही. ती वाळू बाटलीत भरून आणायला बंदी आहे. बालोसला गाडीने जाऊ नका. शेवटचे आठेक किलोमीटर कच्चा रस्ता आहे, भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर आणि खालचा भाग बहुतेक धरलेला नसतो आणि वर गाडी लावल्यावर खाली उतरून भर उन्हात परत चढावं लागतं. किसामोसच्या धक्क्यावरून बोट जाते, ती ग्रामवूसाच्या किल्ल्याशीही थांबते. तो किल्ला तुम्ही आणि मुलं चढा, आजी-आजोबा खालीच थांबतील.

समारियाचं स्पष्ट सांगते: या वेळी नको. सोळा किलोमीटर दगडांतून उतरायचं, खाली आया रुमेलीला रस्ता नाही, म्हणून बोटीने सूया किंवा होरा स्फाकिओनला यायचं आणि तिथून बस. आठ वर्षांच्या मुलासाठी आणि घरी वाट बघणाऱ्या आजीसाठी तो दिवस फार लांब होतो. घळ अनुभवायचीच असेल तर इम्ब्रोसची आठेक किलोमीटरची आहे. तुम्ही दोघं मुलांना घेऊन जा आणि आजी-आजोबांना त्या दिवशी नेआ होराच्या किनाऱ्यावर मोकळं सोडा. त्यांनाही एक दिवस आपल्यापासून सुट्टी हवी असते. उरलेल्या चौथ्या दिवशी सगळ्यांनी मिळून कुर्नास तळ्याकाठी जेवायला जा. पण तो दिवस आधीपासून पक्का करू नका. वारा सुटला आणि बालोसची बोट रद्द झाली तर तो उपयोगी पडेल.

वाऱ्यावरून आठवलं. कोणीतरी तुम्हाला दक्षिण किनारा सुचवेल: पालेओहोरा, प्लाकियास, किंवा लूत्रो, जिथे रस्ताच जात नाही. माझी स्वतःची आवड तीच आहे. पण तिथे राहिलात की तुमच्या यादीतलं जवळपास सगळं डोंगरापलीकडे जातं. दक्षिण किनारा दुसऱ्या खेपेला, दोघंच असाल तेव्हा.

जेवणाची काळजी ताईंनी शेवटी एका ओळीत लिहिली आहे, आजी-आजोबा अंडंही खात नाहीत म्हणून. गावात मुक्काम ठेवण्याचं हे आणखी एक कारण. खानावळीत ‘निस्तीसिमो’ काय आहे असं विचारा. हे त्यांच्या उपवासाचं जेवण, त्यात मांस, मासे, दूध, अंडी नसतात. शिंपले-कोळंबी मात्र चालते, तेवढं वगळायला सांगा. तेलात शिजवलेल्या घेवड्याच्या शेंगा, पावट्यासारखे मोठे दाणे, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी लिंबू पिळून. दूध चालत असेल तर डाकोस म्हणजे टोमॅटो आणि चीज घातलेला कडक पाव, आणि हानियाचं बुरेकी: दुधीसारखी भाजी, बटाटा आणि मिझिथ्रा चीज. भरलेल्या टोमॅटोत कधी खिमा असतो, विचारून घ्या. घरी कुकर लावणार असाल तर चूल विजेची असते, शिट्टी व्हायला वेळ लागतो. जेवणानंतर छोट्या बाटलीत राकी फुकट येते. ती पाणी नाही, हे आजोबांना आधीच सांगा.

हे सगळं तुमच्या परिस्थितीसाठी. जुलै-ऑगस्ट असता तर उत्तरेच्या मेल्तेमी वाऱ्यामुळे मी बोटीचे दिवस कमी ठेवले असते. दिवाळीनंतर जाणार असता तर किनाऱ्यावरची अर्धी हॉटेलं बंद सापडली असती. हानिया आणि हेराक्लिओन मात्र बारा महिने जागी असतात. गाडी चालवणारं कोणी नसतं तरीही हीच दोन गावं सांगितली असती, कारण केटेल या बस कंपनीच्या बसेस तिथूनच चारी दिशांना सुटतात आणि हंगामात हानियाहून एलाफोनिसीलाही बस असते.

व्हिसासाठी सगळ्या रात्रींचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून आत्ता फुकट रद्द होणारीच घरं घ्या. शिवाय ग्रीसमध्ये दर रात्री दर खोलीमागे वेगळा कर जागेवर भरावा लागतो, हॉटेल जितकं वरच्या दर्जाचं तितका जास्त. तो बुकिंगच्या रकमेत दिसत नाही.

परतीचं विमान हानियाहून अथेन्सला घ्या, पाऊण-एक तासाचं आहे. तिकीट आधीच हेराक्लिओनहून काढलं असेल तरी बिघडत नाही: पिरेअसहून हानियाचीही रात्रीची बोट आहे, ती जवळच्या सूदा बंदराला लागते. मग क्रम उलटा करा, आधी पाच रात्री हानिया आणि शेवटी तीन हेराक्लिओन. फक्त स्पिनालोंगा निघायच्या आदल्या दिवशी ठेवू नका. तो लांबचा दिवस आधी उरकून क्नोसोस आणि संग्रहालय शेवटी घ्या.